तळणी स्टेशनवर उतरलेली सूर्यवेडी बाई

आपण यवतमाळकर मुंबईला किंवा नागपूरला निघालो की बहुतेकदा धामणगाव रेल्वेला जाऊन गाडी पकडतो. धामणगाव सोडून नागपूरकडे निघालं की लगेच तळणी नावाचं एक छोटंसं स्टेशन लागतं. त्यानंतर वर्धा नदीचा पूल, मग पुलगाव. तळणीला एक्सप्रेस थांबत नाही, त्यामुळे ते नावसुद्धा कित्येकींनी वाचलेलं नसेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच तळणीला इंग्लंडहून एक बाई आली होती, सोबत एक छोटा कॅमेरा घेऊन. तिने इथून सूर्याचा जो फोटो काढला, तसा तोपर्यंत जगात कुणी काढला नव्हता. तिचं नाव ॲनी माँडर. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

ॲनीचा जन्म १४ एप्रिल १८६८ चा, आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या स्ट्रबेन या गावचा. माहेरचं आडनाव रसेल. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरी खाऊन-पिऊन सुखी, पण श्रीमंती नव्हती. शिक्षणाला मात्र घरात मान होता. बेलफास्टच्या मुलींच्या शाळेत शिकून तिने शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८६ मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाली. गर्टन म्हणजे खास मुलींसाठी काढलेलं कॉलेज. १८८९ मध्ये गणिताच्या शेवटच्या परीक्षेत ती त्या वर्षीच्या गर्टनच्या मुलींमध्ये पहिली आली.

आता गंमत बघा. गंमत कसली, चीडच येते. परीक्षा मुलांचीच, पेपर तेच, तपासणारे तेच. पण पदवी मुलांना मिळायची, मुलींना नाही. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली! तेव्हा ॲनीला जाऊन एक वर्ष झालं होतं. आपल्याकडे कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू या दोघी १८८३ मध्येच कलकत्ता विद्यापीठातून पदवीधर झाल्या होत्या, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शिक्षण झाल्यावर ॲनीने जर्सी बेटावरच्या मुलींच्या शाळेत वर्षभर शिकवलं. पगार बरा होता, पण मन रमेना. तेवढ्यात कळलं की लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत बायकांना घेताहेत. कामाचं नाव काय, तर कॉम्प्युटर! त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, आकडेमोड करणारा माणूस. हे काम आधी शाळा सोडलेली पोरं करायची. महिना ४ पौंड. केंब्रिजच्या गणितात चमकलेल्या मुलीलाही तेवढेच. शिक्षिकेच्या पगारापेक्षा कितीतरी कमी. तरी १८९१ मध्ये ती रुजू झाली. पैशाकडे बघून कुणी हे केलं नसतं.

तिला सूर्याच्या विभागात टाकलं. तिथे रोज, ढग नसतील तेव्हा, सूर्याचा फोटो घ्यायचा आणि त्यावरचे डाग मोजायचे. डाग किती, कुठे, केवढे, कालच्यापेक्षा किती सरकले. रोज तेच. आपण रोज कणीक मळतो तसं म्हणा ना! पण रोज बघणाऱ्याच्याच लक्षात येतं की आज काहीतरी वेगळं आहे. १८९२ मध्ये सूर्यावर फार मोठे डाग दिसले आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळं झाली. सूर्यावरच्या घडामोडी आणि इथल्या होकायंत्राच्या सुईची थरथर यांचा संबंध आहे का, हा प्रश्न तेव्हापासून त्या विभागाच्या मागे लागला.

विभागप्रमुख होते वॉल्टर माँडर. विधुर, पाच मुलांचे बाप आणि ॲनीपेक्षा १७ वर्षांनी मोठे. १८९५ च्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं. आणि लग्न झालं म्हणून तिला नोकरी सोडावी लागली. तिथे तसा नियमच होता, लग्न झालेली बाई सरकारी नोकरीत राहू शकत नसे. नवरा त्याच खुर्चीत राहिला, ती पाच सावत्र लेकरांच्या घरात आली. तिला स्वतःचं मूल झालं नाही.

बहुतेक गोष्टी इथेच संपतात. ॲनीची संपली नाही, याचं थोडं श्रेय वॉल्टर यांनाही द्यायला हवं. त्यांनी १८९० मध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी लोकांची संस्था उभी करायला पुढाकार घेतला होता. लंडनची जुनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी बायकांना सभासद करून घेत नव्हती. १८९२ मध्ये ॲनीचं आणि आणखी दोघींचं नाव सुचवलं गेलं, ते मतदानात पडलं. या नव्या संस्थेत मात्र बायकांना पहिल्यापासून दार उघडं होतं. ॲनी तिच्या नियतकालिकाची संपादक झाली. आणि या संस्थेच्या तुकड्या ग्रहणं बघायला देशोदेशी जाऊ लागल्या.

पहिली वारी १८९६ मध्ये नॉर्वेची. एवढं सामान घेऊन उत्तर टोकाला गेले आणि ऐन वेळी ढग! दुसरी वारी आपल्याकडची.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, वार शनिवार. सूर्याचं खग्रास ग्रहण. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्ह्यावरून, वऱ्हाडातून पुढे बिहारकडे गेली. दिवस वाईट होते. आदल्या वर्षी दुष्काळ झालेला, मुंबई-पुण्यात प्लेगची साथ. तरी सगळ्या जगातून खगोलवाले आले. विजयदुर्गच्या किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला. पुलगावला आणखी एक इंग्रज तुकडी. आणि तळणीला माँडर पतिपत्नी, त्यांच्यासोबत जॉन एव्हरशेड, जे पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झाले.

तेव्हा यवतमाळला रेल्वे नव्हती. आपली शकुंतला आली ती १९०३ मध्ये. जिल्ह्याचं नावही वणी जिल्हा होतं, यवतमाळ नाव १९०५ चं. पण बडनेरा-वर्धा हा रेल्वेमार्ग होता आणि जड पेट्या घेऊन फिरणाऱ्या या मंडळींना रेल्वेजवळचीच जागा हवी होती. आणि आपल्याकडचा जानेवारी म्हणजे स्वच्छ आभाळ, कोरडी हवा, शेतात कापूस वेचणी.

ॲनीजवळ स्वतःचा कॅमेरा होता. गर्टन कॉलेजने तिला संशोधनासाठी पैसे दिले होते, त्यातून तिने भिंग घेतलं. भिंगाची रुंदी फक्त दीड इंच. लांबी म्हणाल तर भिंगापासून काचेपर्यंत ९ इंच. तिकडे जेऊरला कॅम्बेलनी ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा केला होता! त्यापुढे हे खेळणंच. पण तिच्या मनात हिशेब पक्का होता. मोठ्या कॅमेऱ्यात सूर्य मोठा दिसतो, पण त्याच्या भोवतीचं अंधुक तेज पसरून फिकं होतं. तिला सूर्य मोठा नको होता. तिला ते दूरवर गेलेलं अंधुक तेज, म्हणजे प्रभामंडलाचं टोक, पकडायचं होतं. तिच्या काचेवर सूर्य जेमतेम २ मिलिमीटरचा उमटणार, मोहरीच्या दाण्याएवढा.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय या कामातली मेहनत कळणार नाही.

अंधुक वस्तूचा फोटो काढायचा तर कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. पण आकाश तर थांबत नाही. पृथ्वी फिरते, म्हणून सूर्य-चंद्र-तारे चार मिनिटांत एक अंश पश्चिमेला सरकतात. चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश, म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर दोन मिनिटांत चंद्र आपल्या जागेवरून पूर्ण एक चंद्रभर पुढे निघून जातो. मग फोटोत ठिपका न येता रेघ येते. यावर उपाय एकच, दुर्बीणही त्याच वेगाने फिरवायची. आज त्यासाठी स्टँडला मोटर असते. तेव्हा घड्याळासारखं यंत्र असायचं. वजन हळूहळू खाली उतरतं, त्याने दातेरी चाकं फिरतात आणि वेग वाढू नये म्हणून गोळ्यांचा नियंत्रक. जेऊरच्या त्या ४० फुटी कॅमेऱ्यात तर एवढं धूड हलवायला नको म्हणून आतली काचच घड्याळी यंत्राने सरकवत.

पण नुसतं यंत्र चालून भागत नाही. ज्या दांड्याभोवती दुर्बीण फिरते, तो दांडा बरोबर आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. ध्रुव क्षितिजापासून किती वर, ते गावागावावर अवलंबून असतं. ग्रीनिचला तो ५१ अंशांहून वर, तळणीला २१ अंशांच्या आसपास, यवतमाळला २० हून थोडा जास्त. म्हणजे इंग्लंडात चांगला उभा असलेला दांडा आपल्याकडे जवळजवळ आडवा करावा लागतो. ध्रुवतारासुद्धा नेमक्या ध्रुवावर नाही, जरा बाजूला आहे. त्यामुळे ताऱ्याकडे रोखून काम झालं असं समजलं की फसगत होते.

मध्यंतरी आमच्याकडे एका शाळेत आकाशदर्शन ठेवलं होतं. मोटरची दुर्बीण आणली होती. गुरू दाखवायला सुरुवात केली, पण चार-पाच मुली बघून होईपर्यंत गुरू नजरेबाहेर. पुन्हा आणा, पुन्हा गेला. मोटर खराब आहे म्हणून सगळे मोकळे झाले होते. पण विज्ञानाच्या सरांनी घाई केली नाही. त्यांनी बघितलं की ग्रह पूर्व-पश्चिम सरकतोय की उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम सरकत असेल तर दोष वेगाचा. बॅटरी उतरली असेल, तोल नीट नसेल, दात्यांत कचरा असेल, नाहीतर वेगाचं बटण चुकीच्या जागी असेल. ताऱ्याचा वेग वेगळा, सूर्याचा जरा कमी, चंद्राचा त्याहून कमी. चंद्र बघताना बटण ताऱ्यावर राहिलं तर तासाभरात चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा मागे पडतो. आणि ग्रह उत्तर-दक्षिण सरकत असेल तर मोटरला दोष देऊ नये, दांडाच तिरपा रोखलेला असतो.

आमच्या इथे उत्तर-दक्षिणच होतं. मग सरांनी मोटर चालू ठेवून दक्षिणेला डोक्याकडून उतरणाऱ्या रेषेवरचा, म्हणजे मध्यावर आलेला एक तारा धरला. तो दक्षिणेकडे घसरला तर दांडा ध्रुवाच्या पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. तेवढं स्टँड फिरवून घेतलं. मग पूर्वेला उगवून थोडा वर आलेला तारा धरला. तो दक्षिणेकडे गेला तर दांडा खाली झुकलाय, उत्तरेकडे गेला तर जास्त वर उचललाय. असं दोन-तीनदा आलटूनपालटून केलं. अर्धा-पाऊण तास गेला, बाया कंटाळल्या, पोरं पेंगली. पण नंतर गुरू जो मध्ये बसला, तो शेवटच्या आजीबाईंपर्यंत हलला नाही.

ग्रहणाच्या तुकड्या आठवडा-दोन आठवडे आधी का येऊन बसत, ते यावरून कळेल. हे सगळं रात्री ताऱ्यांवर तपासून ठेवावं लागतं. आणि एवढं सगळं कशासाठी, तर तळणीला खग्रास स्थिती होती साधारण दोन मिनिटं! त्या दोन मिनिटांत यंत्र अडकलं, सरकलं, काच उलटी बसली तर पुढचं ग्रहण कुठे, केव्हा, आणि तिथे जायला पैसे कोण देणार?

ॲनीचा छोटा कॅमेरा इथेही फायद्याचा ठरणारा होता. जितकी कॅमेऱ्याची लांबी जास्त, तितकी सरकण्याची चूक मोठी होऊन दिसते. ९ इंचांच्या कॅमेऱ्यात तीच चूक बारीक राहते. लहान भिंग, लहान लांबी, आणि काळजीपूर्वक निवडलेली काच. तिने सगळा विचार करून ठेवला होता.

दुपारी अंधार पडला. आभाळ स्वच्छ होतं, नॉर्वेसारखा घात झाला नाही. ॲनीने आपल्या काचा भरल्या, उघडल्या, बंद केल्या. त्या धुतल्यावर एका बाजूला सूर्यापासून निघालेला तेजाचा एक झोत दिसला. त्याची लांबी सूर्याच्या त्रिज्येच्या जवळपास १४ पट, म्हणजे ६० लाख मैलांच्या आसपास. काचेवर तो दीडेक सेंटिमीटरच. पण सूर्याचं प्रभामंडल इतक्या दूरवर पसरलेलं असतं, हे त्याआधी कुणी फोटोत पकडलं नव्हतं. मोठमोठी यंत्रं घेऊन आलेल्यांनाही नाही.

त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बाया काय करत असतील, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. घराघरात दारं लावून, पाण्यात दर्भ-तुळशी टाकून, गरोदर सुनेला कोपऱ्यात बसवून ठेवलं असेल. आजही आमच्याकडे ग्रहण आलं की कुण्या ना कुण्या घरी गरोदर पोरीला दिवसभर उपाशी ठेवतात. ग्रहणाने पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी, तहानलेलं ठेवल्याने मात्र आईला त्रास होतो. जपायचं असेल तर डोळ्यांना जपा. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, ग्रहणासाठीचा खास चष्मा लावा. दुर्बीण सूर्याकडे रोखायची तर पुढे योग्य फिल्टर असल्याशिवाय कधीच नाही.

पुढे ॲनी अल्जिअर्सला गेली, मॉरिशसला गेली, १९०५ मध्ये कॅनडात लाब्राडोरला गेली आणि तिथे पुन्हा ढगांनी फसवलं. पण तिचं घरी बसून केलेलं एक काम या सगळ्या प्रवासांपेक्षा मोठं ठरलं. ग्रीनिचच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन नवरा-बायकोनी सूर्यावरच्या डागांचा एक तक्ता बनवला. संध्याकाळी काम आटोपलं की एक जण आकडे वाचून दाखवायचा आणि दुसरा कागदावर छोट्या छोट्या रेघा मारायचा. आठवडाभराच्या संध्याकाळी त्यात गेल्या. पूर्ण झाल्यावर दिसलं काय, तर ओळीने बसलेली फुलपाखरं! साधारण ११ वर्षांच्या चक्रात डाग आधी सूर्याच्या मध्यरेषेपासून दूर उमटतात आणि हळूहळू मध्यरेषेकडे येतात, त्यामुळे आकृतीला पंख फुटल्यासारखे दिसतात. १९०४ चा हा तक्ता आजही सूर्याच्या अभ्यासात वापरतात, त्याला फुलपाखरू आलेखच म्हणतात. त्याची मूळ प्रत अमेरिकेत बोल्डर इथल्या संस्थेत जपून ठेवली आहे.

१६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच, या गोष्टीकडेही माँडर यांनीच जगाचं लक्ष वेधलं. त्या काळाला आज माँडर मिनिमम म्हणतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर वॉल्टरच येतात. एवढ्या जोडीच्या कामात बायकोचं नाव कुठे आणि किती छापायचं, हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडत नसे. जिथे सभासदच होता येत नाही, तिथे निबंध कुणाच्या नावाने वाचणार? तरी १९०७ मध्ये सूर्याच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या डागांमधला फरक दाखवणारा निबंध तिच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध झाला. १९०८ मध्ये आकाशाबद्दलचं साध्या भाषेतलं पुस्तक दोघांच्या नावाने आलं, त्यातलं बहुतेक लिखाण तिचं होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. पुरुष लढाईवर गेले आणि ग्रीनिचला माणसं कमी पडली. तेव्हा लग्न झालेली बाई चालली! १९१५ पासून पाच वर्षं ती परत सूर्याच्या विभागात काम करत होती, तेही बिनपगारी. १९१६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने बायकांसाठी दार उघडलं आणि नोव्हेंबरात तिला सभासद करून घेतलं. पहिल्यांदा नाव सुचवल्याला २४ वर्षं झाली होती. ती तेव्हा ४८ वर्षांची होती.

१९२८ मध्ये वॉल्टर गेले. ॲनी नंतर बरीच वर्षं जुन्या संस्कृतींमधल्या तारकासमूहांच्या गोष्टी शोधत, लिहीत राहिली. १५ सप्टेंबर १९४७ रोजी लंडनमध्ये तिचं निधन झालं, वय ७९. आपला देश स्वतंत्र होऊन तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. चंद्रावरच्या एका विवराला माँडर नाव दिलंय, ते दोघांचं मिळून आहे. ज्या सोसायटीने तिला नाकारलं होतं, ती २०१६ पासून तिच्या नावाचं पदक देते, लोकांपर्यंत खगोलशास्त्र नेणाऱ्यांसाठी.

आणि २०१८ मध्ये ग्रीनिचच्या जुन्या वेधशाळेत पुन्हा नवी दुर्बीण बसवली, तिला ॲनी माँडरचं नाव दिलं. कॉम्प्युटरवर चालणारी, मोटरने आकाशाबरोबर फिरणारी. कॉम्प्युटर आता यंत्राला म्हणतात, एवढाच फरक.